उसना पणजोबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नाशिकच्या भावाला नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच त्यातलं बरं.

मी कतारमध्ये अल खोरला राहतो. गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर, अकरा वर्षं झाली. तीन हिवाळ्यांपूर्वी ऑफिसातल्या एकाने मला ग्रॅहमच्या ग्रुपमध्ये नेलं. ग्रॅहम इंग्रज, इथल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. त्याचा नाद असा — पहिल्या महायुद्धात इराकच्या वाळूत जसे खंदक होते, तसाच एक इथे खणायचा, तेव्हाच्या शिपायांसारखे कपडे घालायचे आणि थंडीतली शुक्रवारची सकाळ त्यात काढायची. एका कतारी गृहस्थांनी त्यांच्या शेतावरचा एक कोपरा दिला होता. अटी दोनच. बंदुका लाकडाच्या हव्यात, आणि फोटो बाहेर जाता कामा नयेत.

पहिल्याच दिवशी सगळे गोल करून बसलो. आपण इथे का आलो, ते एकेकाने सांगायचं. कुणाचा पणजोबा फ्रान्समध्ये पडलेला, कुणाच्या आजीचा भाऊ विषारी वायूने आंधळा झालेला. माझी पाळी आली. माझा पणजोबा नाशकात शिंपी होता. लढाई त्याने पाहिली नाही, शहरही फारसं सोडलं नाही. मी म्हणालो, माझे पणजोबा मेसोपोटेमियात, म्हणजे त्याच इराकच्या लढाईत होते.

का म्हणालो? सगळे गप्प झाले म्हणून? पण ते तर नंतर झाले. ग्रॅहमने दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाला, इतकी वर्षं आम्ही तुझ्यासारख्याची वाट बघत होतो. ऑफिसात मी म्हणजे गेज बिघडलं की बोलवायचा माणूस. इथे मी कुणीतरी झालो — आणि मला ते आवडलं. फार आवडलं.

त्या दिवसापासून मात्र मला कुणाचंही साधं बोलणं साधं वाटेना. ग्रॅहमने पणजोबांचं नाव विचारलं, तर वाटलं, हा कुठल्यातरी यादीत तपासणार. घरचे कागद शोधतोय, असं सांगून मी वेळ काढत राहिलो. कुणी हसलं की वाटायचं, माझ्यावरच. दोघं बाजूला जाऊन बोलले की मी पाण्याच्या बाटलीचं निमित्त करून त्यांच्याजवळून जायचो. हे तुम्ही कधी केलंय का? खोटं सांगितलेला माणूस फार बारीक ऐकतो.

आणि मग गणपतराव आले.

वाळूच्या खंदकाच्या भिंती ढासळतात, फळ्या ठोकाव्या लागतात. त्यासाठी ग्रॅहमने एका कॉन्ट्रॅक्टरकडून सुतार मागवला. गणपतराव जाधव, सातारा जिल्ह्यातले, वय पन्नाशीचं, तेरा वर्षं कतारमध्ये एकटे. बंदुकाही त्यांनीच घडवल्या. मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे माझ्यापाशी येऊन बसायचे. एकदा फळीला रंधा मारता मारता सहज म्हणाले, "माजा पनजोबा तितंच गेला, साहेब. बसऱ्याच्या अंगाला. आमच्या गावात दगडावर नाव हाय."

मी हं म्हटलं.

"तुमचे कुटल्या पलटनीत हुते?"

मी म्हणालो, नक्की आठवत नाही, बघून सांगतो. पुढच्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. परत आले होते का? कुठल्या सालात? घरात काही पत्रं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो — हा माणूस ओळखून आहे. मला खेळवतोय. एखाद दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ग्रॅहमला सांगून मोकळा होईल. ते पलीकडे खिळे ठोकत असले तरी मला वाटायचं, कान माझ्याकडे आहेत.

हिवाळ्याच्या शेवटच्या शुक्रवारी पडलेल्या शिपायांची नावं वाचायचा कार्यक्रम असतो. त्याच्या दीड-दोन महिने आधीच गणपतरावांनी आपल्या पणजोबांचं नाव मला कागदावर लिहून दिलं. सखाराम भिवा जाधव. म्हणाले, "तेवढं वाचायला सांगा तुमच्या साहेबाला." मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. त्यांना आणि ग्रॅहमला एका विषयावर बोलू द्यायचंच नव्हतं मला.

त्याच सुमाराला एक फोटो बाहेर गेला. खंदक, पोती, गणवेशातली माणसं, हातात बंदुका. व्हॉट्सॲपवर फिरत फिरत तो शेताच्या मालकांपर्यंत पोचला. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, हे कुणी केलं ते कळलं नाही तर खलास, इथून पुढे येऊ नका.

फोटो मी काढला होता. माझ्या शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर मीच टाकला होता, पणजोबांच्या वाटेवर, असं काहीतरी खाली लिहून.

ग्रॅहमने मला बाजूला घेतलं. बाकी सगळ्यांना त्याने विचारून झालं होतं. गणपतराव पलीकडे पिकअपपाशी अवजारं भरत होते. ग्रॅहम म्हणाला, तुमच्या भाषेत विचार, त्याने काढलाय का. घाबरवू नकोस.

मी चालत गेलो. वीस-पंचवीस पावलं असतील. तेवढ्या पावलांत माणूस परत फिरू शकतो, नाही का? मी पोचलो आणि विचारलं, "गणपतराव, फोन आणलाय का आज?"

"आनलाय की," ते म्हणाले. मान डोलावली, खिशावर हात ठेवला.

ग्रॅहम लांबून बघत होता. तो बघतोय, हे मला माहीत होतं.

परत येऊन मी म्हणालो, "हो म्हणतोय. चुकून झालं म्हणतोय."

हे ते. याच्या अलीकडे-पलीकडे मी कितीही बोललो तरी हेच आहे.

ग्रॅहम वाईट माणूस नाही. त्याने फक्त कॉन्ट्रॅक्टरला कळवलं, की हा माणूस इथे नको. कॉन्ट्रॅक्टर मालकांना घाबरला. महिन्याभरात गणपतरावांना परत पाठवायचं ठरलं. त्यांना मी सांगितलं, की शेताच्या मालकांना बाहेरची माणसं नको आहेत. निघण्यापूर्वी ते अल खोरला मला भेटायला आले, बसने, हातात खजुराचा डबा घेऊन.

"तुमी माज्यासाटी बोलला आसाल, ठावं हाय मला," म्हणाले. मग डबा माझ्या हातात देत, "मी सारकं इचारायचो, राग नसावा. म्हनलं, एकाच पलटनीत आसतील, तर माजा पनजोबा कसा गेला ते तुमच्या घरात कुनाला तरी ठावं आसंल. आमच्यात कुनालाच म्हाईत न्हाई."

एवढंच होतं. तीन महिने मी ज्याच्यावर पाळत ठेवली, त्या माणसाच्या मनात एवढंच होतं.

तुम्हाला वाटेल, निदान तेव्हा तरी मी बोललो असेन. मी चहा केला. ते गेले.

शेवटच्या शुक्रवारी ग्रॅहमने मला पुढे बोलावलं. तुझ्या पणजोबांचं नाव सापडलं का, म्हणाला. मी खिशातून गणपतरावांचा कागद काढला. मराठी वाचता येणारं तिथे कुणी नव्हतं. मी वाचलं — सखाराम भिवा. आडनाव गाळलं, कारण माझं आडनाव वेगळं आहे. सगळ्यांनी टोप्या काढल्या. बाई होती एक, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

काही दिवसांनी गणपतरावांचा गावाहून फोन आला. "वाचलं का नाव?"

"वाचलं," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. आता ते गावातच दारं-खिडक्या करतात. दिवाळीला फोन करतात. मी उचलतो.

मी अजून त्या ग्रुपमध्ये आहे. माझी मुलगी ग्रॅहमच्याच शाळेत सातवीत आहे. मागच्या महिन्यात तिला घराण्यावर प्रोजेक्ट होता. ग्रॅहमच्या तोंडून तिने ऐकलं होतं, तेच तिने इंग्रजीत नीट लिहून काढलं — माझ्या बाबांचे पणजोबा सखाराम, इराकमध्ये लढताना पडले. शिंप्याचा त्यात उल्लेख नाही. तिने वही माझ्यापुढे धरली. "बाबा, साइन हिअर."

पानाच्या तळाशी पालकांच्या सहीची जागा होती. मी सही केली.