प्लगची टोपी

रतनबाई मूळची सोनईची. माहेरी दाराला कडी, कडीला कुलूप. अन् सासर मिळालं जवळच्याच त्या गावातलं, जिथं देवाच्या धाकानं घराला दारच लावत नाहीत. चौकटीला पडदा, अन् कुत्रं आत शिरू नये म्हणून खाली एक फळी आडवी. नवी नवरी होती तेव्हा तिला झोप यायची नाही. नवरा, गोरक्षनाथ, हसायचा. इथं चोरी करणारा शीव ओलांडायच्या आत आंधळा होतो, म्हणायचा. मग तिचाही डोळा लागायला लागला. पडद्याआड उभा संसार झाला, माणसाला कशाचीही सवय होते.

गोरक्षनाथाचा धंदा दुधाचा. वस्त्यांवरून दूध गोळा करायचं, मोटरसायकलला दोन्ही अंगांनी कॅनी अडकवायच्या अन् सोनईच्या डेअरीत घालायचं. गाडी अंगणात लिंबाखाली उभी, किल्ली गाडीलाच. किल्ली काढून खिशात घातली तर तो देवाचा अपमान, असं त्याचं म्हणणं.

दोन वर्षांमागं एका सकाळी लिंबाखाली गाडी नव्हती. ओट्यावर मात्र दोन्ही कॅनी नीट उपड्या घातलेल्या, झाकणं शेजारी. गोरक्षनाथानं हात जोडले. चोर भ्याला, आपल्या पोटावर पाय दिला नाही, म्हणाला.

रतनबाई मात्र कॅनींपाशी वाकून बघत राहिली. घाईतला चोर कॅनी भिरकावून देईल. ह्या ठेवल्या होत्या तिच्या रोजच्या जागी, तिच्याच पद्धतीनं. अन् एकुलता एक पोरगा करण, सुप्याच्या कंपनीत कामाला असलेला, आदल्या दिवशीच घरी आला होता अन् पहाटे कुणाला न उठवता निघून गेला होता. तिनं ते गिळलं. गाडी गेली ते गेलीच, पण पोटच्या पोरानं नेली हे कळलं तर हा माणूस खचून जाईल, एवढंच तिच्या मनात.

पोलिसात जायचं तर गावातली जाणती मंडळी अंगणात येऊन बसली. इथं चोरी झाली असं कागदावर आलं तर भाविक काय म्हणतील? त्यापेक्षा सोनईच्या बाजारातून गेली म्हणून सांग, असा सल्ला देऊन चहा पिऊन गेली. गोरक्षनाथानं खरंही लिहून दिलं नाही अन् खोटंही. देव बघून घेईल म्हणाला अन् काही दिवस सायकलवर दूध ओढलं.

दुसरी गाडी आली ती रतनबाईच्या पाटल्या मोडून. ह्या वेळी ती गप्प बसली नाही. माहेरच्या आळीतल्या छगन फिटरला गाठलं अन् कुलूप न लावता गाडी जागची हलू नये, असा काही उपाय विचारला. दाजी कुलपावर एवढे का रुसलेत, म्हणून छगन हसला. पण त्यानं दाखवलं. प्लगवरची काळी टोपी वायरीतून पिळून काढायची, मग गाडीला कितीही किका मारा.

तेव्हापासून दूध घालून गाडी आली, की टोपी पिठाच्या डब्यात. निघायच्या आधी अंगण झाडायच्या निमित्तानं पुन्हा जागेवर. कुलूप नाही म्हणजे नेम मोडला नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. देवानं तरी एवढं बारीक कुठं बघत बसायचं.

ह्या चैत्रात करण आला. दुपारी गोरक्षनाथ आत खाटेवर आडवा झालेला, रतनबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेली. पोरानं किक मारली. पुन्हा मारली. मग वाकून प्लगकडं बघितलं अन् तिच्यापाशी आला.

"आये, टोपी दे."

"कुठं जायाचंय?"

"सोनईला. आलोच."

"एश्टीनं जा."

तो जरा हसला. "आण्णाला सांगू का, देवाच्या गावात तू गाडीला कुलूप घालतीस म्हून?"

रतनबाईनं सूप खाली ठेवलं. "सांग की. आन मी सांगते, कॅनी कुनी उतरवल्या त्ये."

करणची मान खाली गेली. पडद्यामागं खाट करकरली. गोरक्षनाथ बाहेर आला. त्यानं पोराकडं बघितलं नाही. "टोपी बसव," बायकोला म्हणाला, "दुधाची येळ झाली."

वेळ झाली नव्हती. अन् टोपीचं त्याला कधीपासून ठाऊक, हे तिनं विचारलं नाही. कॅनीचं ऐकूनही त्याच्या तोंडावर नवल नव्हतं, अन् तिला कळलं, की त्याला पहिल्या सकाळपासून सगळंच ठाऊक होतं. पोलिसात गेला नाही तो देवासाठी नाही, पोरासाठी. अन् तिनं दोन वर्षं एकटीनं तोंड दाबून काढली, ती ह्याला जपायला. रडू आलं नाही तिला, राग आला.

"मला येका शब्दानं तरी सांगायचं हुतं," ती म्हणाली.

"काय सांगू? तुजंच पोरगं हाय."

"आन तुमचं?"

तो अंगणात उतरला अन् गाडीच्या सीटवर जाऊन बसला.

करण अजूनही सणावाराला येतो. तो असला, की गोरक्षनाथ ओट्यावर बसत नाही. अंगणात गाडीच्या सीटवर बसूनच चहा पितो, भाकरीही तिथंच मागतो. रतनबाई ताट त्याच्या हातात नेऊन देते. पोरगा उंबऱ्यात बसून जेवतो. दोघं एकमेकांकडं बघत नाहीत, अन् दोघांतल्या कुणाला वाढताना तिचं मन कडू होतं, ते ती सांगत नाही.