नावापुरतं दुकान

मिरजगावात हमरस्त्यालगत भिमाजीचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. एरवी ते पोटापुरतं चालायचं. पण बहात्तरचा दुष्काळ पडला, सगळा मुलूख खडी फोडायला आणि तलावाची माती उपसायला बाहेर पडला, आणि घमेली, टिकाव, फावड्यांना असं काही गिऱ्हाईक लागलं की भिमाजीला जेवायला उसंत मिळेना. लोकांच्या कणगीत दाणा नाही आणि आपला गल्ला भरतोय, याची सुरुवातीला त्याला चोरटी लाज वाटायची. मग तिचीही सवय झाली.

विक्री वाढली तसं विक्रीकराचं काम बघणाऱ्या नगरच्या वकिलांनी त्याला सावध केलं. "विक्री ठराविक रकमेच्या वर गेली की नोंदणी आली, कर आला. दुकानाचे दोन भाग करा. एक घरातल्या कुणाच्या तरी नावावर दाखवा, म्हणजे दोन्ही मर्यादेच्या आत राहतील."

घरात नाव द्यायला रंगुबाई होती, भिमाजीची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर दिरांनी तिला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं, तेव्हापासून ती भावाकडेच राहत होती. भिमाजीनं दुकानाच्या मधोमध पत्रा ठोकला. अलीकडे लोखंड, पलीकडे दोरखंड, बादल्या, कंदील. त्याची बायको कडूबाई म्हणाली, "वन्संना नीट सांगा, ह्ये नावापुरतं हाय म्हणून."

"सांगतो की," भिमाजी म्हणाला. आणि अंगठा घेताना बहिणीला एवढंच बोलला, "रंगू, हे दुकान तुझ्या नावानं करतोय." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

रंगुबाईचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून ती बाई पालटलीच. दिवस उगवायच्या आत उठून दुकानापुढं सडा घालायची, कंदिलांच्या काचा पुसायची, दोरखंड ओढून बघायची आणि कच्चा निघाला तर व्यापाऱ्याला परत पाठवायची. ओट्यावर आलेल्या बायांना सांगायची, "माज्या भावानं मला दुकान दिलं." संध्याकाळी गल्ला मात्र जसाच्या तसा भिमाजीच्या हातात ठेवायची. भावाजवळ पैसा असला काय नि आपल्याजवळ असला काय, तिच्या लेखी एकच. तिला असं मिरवताना बघून भिमाजीला वाटायचं, चाललंय ते बरंच आहे. सांगायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

पुढं विक्रीकराचा माणूस येऊन दोन्ही दुकानं बघून गेला आणि रंगुबाईच्या नावानं नगरच्या कचेरीत सुनावणी निघाली. एसटीनं निघताना तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. भिमाजीनं वाटेत बजावलं, "इचारलं तर दुकान माजं म्हण."

"माजंच हाय की," ती हसून म्हणाली.

साहेब वयस्कर होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी विचारलं, "बाई, दुकान कुणाचं?"

"माजं. भावानं दिलंय. सख्ख्या भावानं येवढं केल्यालं कुटं बघितलंय का सायेब? त्याच्यावर सरकारचा काय कर आसंल त्यो सांगा, मी भरते. कुनाचं बुडवायचं न्हाई आपल्याला."

वकिलांनी खाकरून खिडकीकडे पाहिलं. साहेबांनी विचारलं, "नफा किती होतो?"

"त्ये दादाला ठावं."

साहेब भिमाजीकडे वळले. "दुकान यांचं आहे, असा जबाब लिहून घेतो. उद्या यांनी ते विकलं, कुणाला देऊन टाकलं, तर तुमचा हक्क राहणार नाही. करा सही."

वकिलांनी टेबलाखालून पायानं खुणावलं, करा म्हणून. भिमाजीनं टाक उचलला. आतला माल त्याच्या डोळ्यांपुढं आला, भिंत आली, जागा आली. रंगू भोळी आहे, उद्या दीर गोड बोलून तिच्याकडून लिहून घेतील, असंही मनात आलं. पण ते नंतर आलं, आधी आला तो माल. टाक खाली ठेवून तो म्हणाला, "सायेब, नावापुरतं हाय त्ये. दुकान माजंच हाय."

रंगुबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पदर सारखा केला आणि ज्या खुर्चीवर आतापर्यंत ऐसपैस बसली होती, तिच्या कडेला सरकली. ते सरकणं भिमाजीला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. "दादा" म्हणून ती रडली असती, भांडली असती, तर त्यालाही काही बोलता आलं असतं.

दोन्ही दुकानांची विक्री एकत्र धरून कर बसला, वर दंड. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "खरं बोललात म्हणून दंड हलका झाला. नाहीतर दुकान विकायची पाळी होती." परतीच्या एसटीत जागा असूनही रंगुबाई मागं बायांमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं सडा पडला नाही. रंगुबाई पाझर तलावाच्या कामावर गेली होती. आठवड्यात तिनं गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळी चूल मांडली. गावात मात्र वेगळीच बातमी फिरली. भिमाजी साहेबापुढं खोटं बोलला नाही, पदरचं भरून आला! पारावर माणसं त्याला सरकून जागा देऊ लागली. कुणी शाबासकी दिली की त्याचे कान तापायचे. आपण खरं बोललो ते कशापायी, हे त्याला माहीत होतं आणि रंगूला.

शेवटी न राहवून तो तलावावर गेला. उन्हात बायांची रांग माती वाहत होती. रंगुबाईच्या डोक्यावर त्याच्याच दुकानातलं घमेलं होतं, रोजगारातून रोख देऊन घेतलेलं. घेताना तो नव्हता, कडूबाई होती.

"रंगू, चल घरी. खरंच लिवून देतो. वकिलाला बोलावतो."

तिनं माती टाकली, घमेलं बांधावर आपटून झाडलं. "दादा, तू दिलं नव्हतंस त्येचं न्हाई वाईट वाटत. मला ठाव आसतं तरी मी बसलेच आस्ते दुकानात, तुजं म्हनून. पन सायबापुढं मी किती बोलले रं! तुला तवा आडवता आलं न्हाई व्हय मला?"

मुकादमानं हाक दिली तशी ती रांगेत गेली.

त्या वर्षीच पत्रा काढून त्यानं दुकान एक केलं आणि आपल्या नावानं नोंदवलं. कर तो वेळच्या वेळी भरू लागला. पुढं गावानं त्याला तंट्याबखेड्यात पंच म्हणून बसवायचं ठरवलं. माणसं घरी आली तेव्हा त्यानं त्यांना चहा पाजला आणि हात जोडून नाही म्हणून सांगितलं. माणसं त्याच्या साधेपणाची वाखाणणी करतच उठली. पलीकडे गोठ्याशेजारच्या आपल्या खोलीत रंगुबाई भाकरी थापत होती, तिला सगळं ऐकू जात होतं.