तिसऱ्या भागाचं शेवटचं पान

"पाणी बघितलाव काय?" असं तांडेल विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला लागायचे. तिथी मोजायची, तिला पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. रत्नागिरीत किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे गणित येतं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. मला येत नव्हतं.

ते आमच्या वाचनालयात शिपाई होते. घराणं मिरकरवाड्यातलं, म्हणजे मासळी बंदरावरचं, वडिलांची स्वतःची होडी, पण ह्यांना बोट लागायची. बंदर सुटायच्या आत पोटातलं सगळं बाहेर. म्हणून सगळे त्यांना तांडेल म्हणायचे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. टोपणनाव ठेवताना आपली माणसं दयामाया दाखवत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खोडरबर असायचं. वाचनालयातली पुस्तकं वाचत असाल तर शेवटचं कोरं पानही तुमच्या ओळखीचं असेल. ‘छान’, ‘रटाळ’, ‘खून नोकराने केला’ असे पेन्सिलीचे शेरे तिथे असतात. पुस्तक परत आलं की तांडेल आधी ते पान उघडत आणि शेरे खोडून टाकत. म्हणत, "लिवणाऱ्याच्या पाठीमागं काय लिवतात? तोंडावर सांगा की." ते स्वतः तोंडावरच सांगायचे. एका पाहुण्या कवीने काव्यवाचन संपल्यावर कौतुकाच्या आशेने त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "आवाज बरा हाय तुमचा."

माझ्या विज्ञान-थरार कादंबरीचा पहिला भाग लिहून झाला तेव्हा हस्तलिखित मी त्यांना दिलं. मिरकरवाड्यासमोर समुद्राच्या तळातून परग्रहावरच्या एका जीवाचे संदेश येऊ लागतात आणि एक समुद्रशास्त्रज्ञ बाई त्यांचा माग काढते, अशी गोष्ट. आठवड्याने त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं.

"सर, पाणी बघितलाव काय?"

"कसलं पाणी?"

"अष्टमीला दुपारी बाराला बोट बाहेर काढलीत. तेव्हा सुकती असते, पाणी पार आत गेलेला. बोट काय खांद्यावर घेऊन गेली बाई?"

अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं. परग्रहावरून आलेल्या जीवाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. "तो असंल," म्हणाले, "पण मिरकरवाड्यात उतरला तर आधी नाक धरील, ता लिवा." तेही लिहिलं, आणि वाचकांना नेमकं तेच आवडलं. पुस्तकासाठी वाचनालयात नंबर लागले. नंबरांची वही तांडेलांकडे असे, आणि ती ते मला मुद्दाम उघडून दाखवत.

दुसऱ्या भागाच्या शेवटी संदेशांचा उगम बंद करायला ती बाई पाण्यात उतरते आणि वर येत नाही. हे हस्तलिखित वाचून तांडेल चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. पाचव्या दिवशी दोन चहा मागवले आणि म्हणाले, "बरोबर केलाव. दर्यात गेलेला माणूस परत येत नाय."

मग त्यांनी मोठ्या भावाचं सांगितलं. होडी उलटली, बाकीचे सापडले, तो सापडला नाही. आई वर्षानुवर्षं बंदरात आलेल्या प्रत्येक होडीला विचारायची. कुणी सांगे, गुजरातच्या बंदरात दिसला. कुणी अंगात आणून सांगे, जिवंत आहे, पुढच्या पुनवेला येईल. आई पुनवेला भात जास्त टाकायची.

"दर्यानं आईला नाय मारलान," तांडेल म्हणाले. "परत येनार म्हनून सांगनाऱ्यांनी मारलानी."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी मागवलेला चहा पीत पीत ऐकलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी प्रकाशकाचा फोन आला की वाचकांना ती बाई परत हवी आहे, आणि मी तिला परत आणली.

कशी आणली ते सांगायची लाज वाटते. बारा पानं स्पष्टीकरण आहे: पेशींची प्रत, गोठवलेल्या आठवणी, काय वाट्टेल ते. पौर्णिमेच्या भर दुपारी समुद्र मागे हटतो, तळ उघडा पडतो आणि ती चालत किनाऱ्यावर येते. पौर्णिमाच का घेतली? मला वाटतं, तांडेलांचीच पौर्णिमा डोक्यात राहिली होती. मी ती उचलली. ह्या वेळी हस्तलिखित त्यांना दाखवलं नाही. घाई आहे, असं घरी सांगितलं. घाई कसली डोंबलाची! ते काय म्हणतील ते मला ठाऊक होतं.

प्रकाशन वाचनालयाच्याच सभागृहात झालं. खुर्च्या तांडेलांनी मांडल्या. मी सही करून पहिली प्रत त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी मुखपृष्ठावर तळवा फिरवला, मागे छापलेला मजकूर वाचला. त्यात ‘ती परत आली आहे’ असं ठळक अक्षरात होतं. पाणी बघितलाव काय, असं त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. "छपाई झ्याक हाय," म्हणाले आणि खुर्च्या आवरायला गेले.

पुढे महिनाभर मी रोज वाचनालयात जात होतो. ते आंब्याच्या मोहोराबद्दल बोलायचे, हातखंब्याच्या खोदलेल्या रस्त्याबद्दल बोलायचे. शेवटी मीच विचारलं, "वाचलंत का?"

"लय नंबर हायत सर," ते वहीकडे बघत म्हणाले. "माजा नाय आला अजून."

सही केलेली प्रत त्यांच्या घरी होती. तोंडावर सांगणारा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला, आणि मी "बरं, बरं" म्हणून निघून आलो. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांच्याशी भांडलो असतो, आणि मग कदाचित माफीही मागितली असती. तेवढीही वाट त्यांनी ठेवली नाही. की मीच ठेवली नव्हती?

गेल्या पौषात ते गेले. झोपेत गेले, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. दहाव्याला जाऊन आल्यावर मी वाचनालयात गेलो. तिसरा भाग कपाटात उभा होता. त्याला आता नंबर नव्हते. मी शेवटचं पान उघडलं.

पान खोडून खोडून कांद्याच्या सालीसारखं झालं होतं. दोन ठिकाणी भोकं पडली होती. खिडकीकडे धरलं तर पेन्सिलीचे दाब उमटलेले दिसत होते. ‘फसवणूक’ एवढं वाचता आलं. ‘पुनवेला बाराला भरती असते, गाढवा’ हेही आलं. महिनोन्महिने लोक लिहीत होते आणि तांडेल खोडत होते, मी वाचू नये म्हणून.

अगदी खाली मात्र एक शेरा ताजा होता, ते गेल्यानंतरचा. ‘बुडालेली बाई परत कशाला आणली?’

मी टेबलावरच्या नव्या मुलीकडे खोडरबर मागितलं. तिने तांडेलांच्या खणातून काढून दिलं. झिजून चिंचोक्याएवढं उरलं होतं. ते मी थोडा वेळ हातात धरलं आणि तिला परत दिलं. शेरा तसाच ठेवून पुस्तक कपाटात लावलं.