बोटाचा डाग

ज्यांचं नावही मी कधी विचारलं नाही, त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे. आमच्या घरात लिहिण्याची सवय कुणालाच नव्हती, म्हणून चुकलं तर माफ करावं.

उटनूरच्या बाजूला कॉलेजसाठी राहत होतो तेव्हा माझी खोली टेलिफोन एक्सचेंजला लागून होती. तिथं नुकतीच काचेच्या तारेची लाइन आली होती, तिच्यातून बोलणं उजेडावर जातं. ती सांभाळणारे काका एकटेच राहत. बायको मुधोळला आजारी होती आणि तिकडं बदली व्हावी म्हणून त्यांचा अर्ज वरच्या ऑफिसात गेलेला होता. लाइन बंद पडली की ते तार यंत्राच्या एका पोर्टमधून, म्हणजे खोबणीतून काढून शेजारच्या पोर्टमध्ये लावत आणि स्वतःशीच म्हणत, "आता पाहू, दुखणं तारेत हाय का पोर्टात." दिवसभरात तेवढंच त्यांचं बोलणं.

एकदा अर्धा दिवस सगळे फोन बंद होते. लाइनची माणसं जंगलात तुटलेली केबल शोधत फिरली. शेवटी कळलं, तार बदलताना काकांचंच बोट तिच्या टोकाला लागलं होतं आणि त्या तेलकट डागानं उजेड अडला होता. त्यांनी टोक पुसलं, फोन सुरू झाले, आणि ते एक्सचेंजच्या नोंदवहीत जसं घडलं तसं लिहू लागले.

मी म्हणालो, "काका, धूळ होती असं लिहा ना. बदलीचं चालू हाय. कोणी पाह्यलं थोडंच?"

"मी पाह्यलं ना, बाबू. अन् ते लोक उन्हात काऊन फिरले, हे त्यायले कळू दे."

दोन महिन्यांनी वरच्या ऑफिसातून इंग्रजी पत्र आलं. त्यांना वाचता येत होतं, तरी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. निष्काळजीपणाच्या नोंदीमुळे बदली नामंजूर झाली होती.