नानांच्या घोडीचा तोबरा

पाचोऱ्याला आमच्या घराची पुढची भिंत टांगा स्टँडकडे तोंड करून होती आणि तिच्यावर एक काळा फळा टांगलेला असायचा. फळा सासऱ्यांचा, अक्षर माझं. सासऱ्यांना सगळं स्टँड आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायची. ते टांगेवाल्यांच्या मंडळाचे पुढारी. मला बघायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकाचं काही विचारलं नाही, पाटीवर चार ओळी लिहायला लावल्या, आणि हे मी पुढे बरीच वर्षं तोऱ्यात सांगत असे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आबा जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून काहीबाही ऐकून येत आणि मी ते फळ्यावर उतरवत असे. घामेजलेल्या घोड्याला लगेच पाणी पाजू नका. नाल ठोकताना खिळा आत गेला तर शेण थापू नका, दवाखान्यात न्या. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे आबा फळ्यापाशी उभे राहून अहिराणीत समजावत. नगरपालिकेच्या मागे लागून त्यांनी स्टँडवरच्या हौदावर पत्र्याचं छप्पर घालून घेतलं होतं. माणसाला सावली नाही आणि घोड्याला छप्पर, असं लोक चिडवायचे. आबांना ते फार आवडायचं.

एका वर्षी दिवाळीनंतर जामनेरच्या बाजारातून बातमी आली की तिकडे घोड्यांना नाकाचा रोग लागला आहे. नाकातून पिवळा चिकट शेंबूड वाहायचा, अंगावर गाठी यायच्या, त्या फुटायच्या. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही आणि हा माणसालाही लागतो. ते प्रत्येक घोड्याच्या पापणीत सुई टोचणार होते. दुसऱ्या दिवशी पापणी सुजली तर घोडं रोगट, आणि रोगट घोड्याला गोळी.

स्टँडवर धावपळ उडाली. कुणी घोडं सासुरवाडीला लपवायला निघालं, कुणी थेट पारोळ्याकडे. आबा घरोघर फिरले. "घोडं चांगलं शे तर भीती कसानी?" हे त्यांचं एकच वाक्य. पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. शेवटी आमचे शेजारी, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते आपली तांबडी घोडी घेऊन सगळ्यांच्या आधी उभे राहिले. नाना आणि आबा पोरवयापासूनचे दोस्त. रोज पहाटेचा चहा आमच्या ओट्यावर घ्यायचे, आणि चहा पातळ झाला की नाना मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे, "आबा, तुन्ही सून नदीमां दूध टाकस का?" मी आतून भांडं आपटायची.

नानांची घोडी उभी राहिली म्हटल्यावर बाकीचेही आले. आमचं पांढरं घोडं नुकतंच टांग्याला जुंपायला लागलं होतं, तेही तपासलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या घोड्यांचे डोळे स्वच्छ होते. नानांच्या घोडीची पापणी सुजून डोळा मिटला होता.

तिचं नाक कोरडं होतं. अंगाला तेल लावल्यासारखी तुळतुळीत होती ती. आबांनी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं, चूक तर होत नाही ना. डॉक्टर म्हणाले, रोग आतून असतो, बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. नदीपलीकडे नेऊन तिला गोळी घातली. आवाज आमच्या चुलीपर्यंत आला. नाना आबांना काहीच बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर आबांना जेवण तरी गेलं असतं. नानांनी चहाला येणं सोडलं आणि दुसऱ्याच्या कापसाच्या गाडीवर जायला लागले. आबा पहाटे दोन कप मांडायचे. मी एक उचलून ठेवायची, तर रागवायचे.

महिनाभराने एका सकाळी नाना आमच्या ओट्यासमोर उभे राहिले. हातात तोबरा होता. जिच्यात हरभरा भिजवून घोड्याच्या तोंडाला बांधतात ती कातडी पिशवी. डॉक्टरांनी घोडीचं सगळं सामान जाळायला सांगितलं होतं आणि नानांनी साज, झूल, दोर जाळलाही होता. हा तेवढा घरात खुंटीवर राहिला होता. काढवला नाही म्हणाले.

आमच्याकडे रीत अशी होती, की चांगलं घोडं गेलं की त्याचा तोबरा टाकायचा नाही. जीवाभावाच्या माणसाकडे कोवळं घोडं असेल तर त्याला द्यायचा, आणि पहिला हरभरा देणाऱ्याने आपल्या हाताने चारायचा. तोबरा असा उठून कुणालाही देत नसत. ज्याला दिला त्याच्याशी मग भांडण राहत नसे.

"आबा, मन्हा राग गया," नाना म्हणाले. "तुन्ह्या घोडाले बांधू दे."

आबांचा चेहरा मी पाहिला. एका क्षणात तो उजळला आणि विझलाही. त्यांना माहीत होतं. रोगट घोड्याचं सामान जाळा, हे फळ्यावर मीच लिहिलं होतं आणि त्यांनीच ते चारचौघांत समजावलं होतं. मी डोक्यावरचा पदर ओढून पुढे आले आणि म्हटलं, "आबा, तो जाळायचा ना?" नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"तू चहा टाक, पोरी," आबा म्हणाले.

मी आत गेले. चहा दाट केला, रागाच्या भरात साखरही जास्त पडली. बाहेर नाना आमच्या घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधून त्याची मान थोपटत होते आणि आबा शेजारी उभे राहून हसत होते. इतके हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांचा इतका संताप कधी आला नव्हता. नाना गेल्यावर त्यांनी तोबरा उन्हात टाकला. "महिना झाया, सुकना व्हयी," म्हणाले, मला की स्वतःला, कोण जाणे.

थंडी सरता सरता घोड्याच्या एका नाकपुडीतून पाणी यायला लागलं. मग ते पिवळं झालं. आबांनी कुणाची वाट पाहिली नाही, घोडं स्वतः दवाखान्यात नेलं आणि नुसता दोर हातात घेऊन परत आले. त्याच संध्याकाळी त्यांनी अंगणात तोबऱ्यासकट सगळं जाळलं आणि मला बजावलं, रोग कुठून आला ते फळ्यावर लिहायचं नाही. "त्याले समजनं तं तो जीव देई." मी इतकंच लिहिलं, मेलेल्या घोड्याचं सामान ठेवू नका, जाळा. अक्षर मुद्दाम मोठं काढलं.

नाना आबांचं सांत्वन करायला आले, पोटभर रडले. रोग पुन्हा जामनेरच्या बाजारातून आला, असंच ते धरून चालले होते. आणि मग जिथे तिथे सांगायला लागले की आबा फळ्यावर काही लिहोत, माणूस म्हणून मोठा. डॉक्टरचं न ऐकता माझा तोबरा घेतला त्याने. कौतुकानेच सांगायचे. पण लोकांनी त्यातून नको तेच घेतलं. फळ्याकडे बघून हसायचे, सामान तसंच ठेवायचे. आबा ऐकून मान खाली घालायचे. मला वाटायचं, आता बोलतील, आता बोलतील.

एक दिवस स्टँडवरचा एक तरुण टांगेवाला नानांना विचारायला आला. त्याच्या जामनेरच्या काकांचं घोडं त्याच रोगाने गेलं होतं आणि काकू त्या घोड्याची झूल याच्या घोडीसाठी देत होती. घ्यावी का?

"ले," नाना म्हणाले. "आबानी मन्हा तोबरा लिधा नही का?"

आबा ओट्यावर होते. ते उठले, फळ्याचा आधार घेऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, तुन्ह्या तोबरानी मन्हं घोडं गयं. माले तवयच माहीत व्हतं."

नाना ओट्यापाशी आले.

"माहीत व्हतं, मंग माले कसाले नही सांगं?"

"तुन्हं मन मोडतं."

"मन्ही घोडी गयी तवय मन मोडनं नही का?" नाना म्हणाले. "तरी ऊनू ना मी तुन्ह्या दारशी. तू सांगता तं मी मन्हा हाते तो जाळता. तू माले तितला बी मानना नही."

त्या पोराने झूल जाळली. पुढे इतरांनीही आपापल्या घरातलं सामान काढलं, आणि आमच्या स्टँडवर तो रोग पुन्हा आला नाही. आबांना लोक मान देत राहिले. मला आजही वाटतं, एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला आबांनी लहान समजायला नको होतं, आणि हे त्यांच्या तोंडावर कुणीतरी म्हणायला हवं होतं. म्हणणार कोण? ते तर आतून रोज तेच म्हणत असतील.

तोबरा दिल्यापासून नाना पुन्हा पहाटे यायला लागले होते, ते यानंतरही थांबले नाहीत. ओट्याशी उभे राहत, आबांना रामराम घालत, आणि मग माझ्याकडे वळत. आबा शेजारीच बसलेले असत, नानांसाठी मांडलेल्या कपातला चहा निवत असे.

"पोरी, फळावर काय लिखेल शे ते तूच वाच," नाना म्हणत. "आनी बठ्ठं वाच, एक बी शबद सोडू नको."