काकांचं ब्यूट

माझ्या मैत्रिणीचे, मेघाचे, सासरे मंगळवारी सकाळी गेले. ब्यूट या गावावर त्यांच्याइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये नव्हता, आणि खुद्द ब्यूटमध्ये तरी असेल की नाही, याची मला शंका आहे.

ब्यूट हे अमेरिकेच्या पश्चिमेकडचं, मोंटानातलं, तांब्याच्या खाणींचं छोटं शहर. काका तिथे कधीही गेले नव्हते! चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीच्या कचेरीतून निवृत्त होऊन ते आयर्लंडमधल्या पोर्टलीशला मुलाकडे राहायला आले, आणि शेजारच्या नोराआजी एकदा कुंपणावरून सहज बोलून गेल्या की त्यांच्या आजीचा भाऊ ब्यूटच्या खाणीत कामाला गेला होता. झालं! काकांनी ब्यूटचा ताबाच घेतला. आयरिश कुठल्या गल्लीत राहत, इटालियन कुठे, खाणकामगार डब्यात मटण भरलेली करंजी कशी नेत, सगळं तोंडपाठ. तिथल्या नगरसभेच्या बैठकीचं चित्रण ते सकाळी पोह्यांबरोबर बघत आणि पोह्यांपेक्षा जास्त तापत. "बघ नं पोरी, यंदाही त्या चढावरचा बर्फ काढून नाही राहिले हे लोक!" पोर्टलीशला लख्ख ऊन पडलेलं असलं, तरी ब्यूटमध्ये थंडी आहे म्हणून काका मफलर गुंडाळून बसत.

तिथल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंशी त्यांची ओळख झाली. त्या गावाच्या जुन्या आठवणी गोळा करणारं एक मंडळ चालवत. दर रविवारी व्हिडिओ कॉल. आणि प्रत्येक कॉलच्या शेवटी काकांचं ठरलेलं वाक्य, "एकदा आमच्याकडे याच. राहायलाच या."

"बाबा, ते खरंच येतील हं," मेघा म्हणायची.

"अगं, असं म्हणायचं असते. म्हटल्याबरोबर कोणी येते का?"

मंडळातल्या पाच जणांनी तिकिटं काढली. मेघा डोक्याला हात लावून बसली. "पाच माणसं! झोपवू कुठे, बाबा? गॅलरी तरी आहे का आपल्याला?" नोराआजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "दोघं माझ्याकडे. अगदी ग्रँड होईल!" काका दोन दिवस घाबरले आणि तिसऱ्या दिवशी गाद्या आणायला निघाले.

ब्यूटच का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी फोनवर एक फोटो दाखवला. प्रचंड खड्डा, तळाशी गढूळ पाणी. खाण उघडी करताना गावातल्या कितीतरी वस्त्या त्या खड्ड्यात गेल्या. "माझंही गाव असंच कोळशाच्या खाणीत गेलं. शाळा, विहीर, सगळं. आमच्याकडे कोणी लिहून नाही ठेवलं बाप्पा. हे लोक कोणाचं दार कुठे होतं ते सांगतात. गाव गेल्यावर यांनी ते सांभाळलं कसं, एवढंच मला समोर बसून विचारायचं आहे."

पाहुणे यायच्या आधीच काका गेले, आणि ते विचारायचं राहिलं. मेघाने रडत शिक्षिकाबाईंना फोन केला. सुतकाचे दिवस चालू आहेत, येऊ नका म्हणाली. "आता तर येणारच," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे माणूस गेला की घर भरतं."

ते आले. आमच्या सुतकाला नोराआजींनी सँडविचचे डोंगर केले, डंडॉक गावाहून कोणी वरणभात आणला, आणि त्या छोट्या बैठकीत ब्यूटची पाच माणसं मांडीला मांडी लावून बसली. शेवटी काकांचा प्रश्न मेघानेच विचारला.

बाई म्हणाल्या, "दर उन्हाळ्यात आम्ही त्या खड्ड्याच्या काठी जमतो. आपली घरं ज्या क्रमाने होती, त्याच क्रमाने उभे राहतो. माझ्या डावीकडे बेकरीवाला, उजवीकडे शिंपीण. जो वारला त्याची जागा मोकळी सोडतो. मग पोरांना कळतं, इथे कोण राहायचं." आणि मेघाच्या नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांच्या शेजारी कोण राहायचं?"

त्याला माहीत नव्हतं. तो उठला आणि त्याने चंद्रपूरला आत्यांना फोन लावला. आत्या आधी रडल्या. मग म्हणाल्या, "डाव्या अंगाला लोहार. त्याची बायको लई भांडकुदळ," आणि थांबेचनात.

पाहुणे परत गेले. काकांचं गाव जमिनीवर कुठेच नाही. रविवारी आत्यांचा फोन येतो, त्या एकेक घर सांगतात, मी लिहून घेते. अजून आम्ही पहिल्याच गल्लीत आहोत.