दोन काळे गोळे

"पाणी दिसतंय त्यावर जाऊ नगा, खूण दिसती त्यावर जावा."

होडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तात्या हे सांगायचे. समोर डॉक्टर आहे की कलेक्टर, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. खूण टाकायची असली की डावा डोळा मिटायचे, अंगठा पुढं धरायचे, आणि कारखान्याची चिमणी व पलीकडच्या काठावरची एकटी बाभूळ अंगठ्यामागं एका रेषेत आली की म्हणायचे, "बसलं." मगच खुणेचं पिंप पाण्यात पडायचं.

तुम्ही उजनी धरणाच्या फुगवट्यावर कधी पक्षी बघायला आला असाल, तर ते पाणी वरून किती निवांत दिसतं हे तुम्हाला माहीत आहे. खाली मात्र जुनी गावं आहेत. घरांची जोती, विहिरींचे कठडे, भिंती. पावसाळ्यानंतर होड्या त्यांच्यावरून खुशाल जातात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेच दगड हातभर खाली दबा धरून बसतात. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या बोटिंग केंद्रावर बारामती-पुण्याचे हौशी लोक स्वतःच्या होड्या घेऊन येतात. रविवारी सकाळी त्यांना खुणा शिकवायचं काम माझं.

मी निरवांगीची. आमच्याकडं आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडील शेती करतात, आणि कॉलेज शिकलेली घरातली मी पहिली. या खुणांचं रीतसर शिक्षण मी गोव्यात जाऊन घेतलं. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तात्या मूळचे मासेमार. केंद्रानं खुणा मांडायचं काम त्यांना दिलेलं, कारण त्यांचं जुनं गाव याच पाण्याखाली होतं. कुठली खूण टाकायची ते मी ठरवायचं, कुठं टाकायची ते त्यांनी. निळी पिंपं आम्ही दोघं मिळून रंगवायचो. धक्क्याकडं परत येताना तांबडं पिंप डाव्या हाताला ठेवायचं, हिरवं उजव्या हाताला. काळ्या पिंपावर तांबडा पट्टा आणि डोक्यावर एकावर एक दोन काळे गोळे असले, तर तिथं खाली धोका आहे, लांबून वळसा घ्यायचा. चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणायचे, होडीत 'पोरी'.

वर्गात ते मागं बसायचे. एकदा जळोचीच्या एका बाईंनी विचारलं, "या खुणेच्या उत्तरेकडून जायचं म्हणता, पण पाण्यात उत्तर कळणार कशी?" मी होकायंत्र काढायला वाकले, तेवढ्यात मागून आवाज आला, "करमाळ्याच्या अंगाला बघा."

"आणि करमाळा कुठं आहे?"

"मंग तुमी काठावरच बसा, बाई."

सगळे हसले. सगळ्यात जास्त त्या बाईच.

आता एक गोष्ट सांगते, ती आमच्याच पाण्यावर घडू शकते. मासेमार जाळ्याला पांढरे डबे बांधतात, म्हणजे जाळं कुठं आहे ते कळतं. एका हौशी गृहस्थांनी असल्या डब्याला होडी बांधून पोहे खाल्ले. त्यांना वाटलं, केंद्रानंच सोय केलीय. निघताना निम्मं जाळं होडीच्या पंख्याला गुंडाळून धक्क्यावर आणलं. जाळं तात्यांचं होतं. ते चिडले नाहीत. "मासं तेवढं काढून द्या," एवढंच म्हणाले. पुढं आणखी एक जाळं असंच गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी मला होडीत घेतलं आणि मोकळ्या पाण्यात दोन गोळ्यांचं नवं पिंप सोडलं. "हितं आमच्या भावकीची विहीर हाय. कठडा लई उंच. कुणाला जवळ येऊ द्यू नगंस, पोरी."

मी येऊ दिलं नाही. दोन हंगाम प्रत्येक वर्गात मी ती विहीर सांगितली. तिचा कठडा फळ्यावर काढून दाखवला. निरवांगीच्या मेंढपाळाच्या नातीचं ऐकून मोठमोठ्या लोकांच्या होड्या वळसा घ्यायच्या, आणि मला बरं वाटायचं. शनिवारी माझ्या स्कूटीच्या हँडलला पिशवीत कटला मासा अडकवलेला असायचा. आई म्हणायची, "तात्या देवमाणूस हाय गं."

मग बारामतीचे एक दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या नव्या होडीला पाण्याची खोली दाखवणारं यंत्र होतं. वर्ग संपताना ते म्हणाले, "मॅडम, काल मी तिथून गेलो, त्या विहिरीला कठडा काही दिसत नाही. नुसतं खोल पाणी आहे."

"यंत्र चुकत असेल," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "तात्या चुकत नाहीत."

"तुम्हीच चला की बघायला."

गेले. पिंपाभोवती आम्ही फेऱ्या मारल्या. पडद्यावर तळ सपाट होता, खूप खाली, आणि मधल्या पाण्यात माशांचे ठिपके गर्दीनं हलत होते. डॉक्टर भला माणूस, परत येईपर्यंत काही बोलले नाहीत. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

तात्या धक्क्यावर जाळं शिवत बसले होते.

"तात्या, तिथं विहीर नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "न्हाय."

"मग काय आहे?"

"मासं हायत."

"माशांसाठी धोक्याची खूण टाकली तुम्ही?"

"मंग काय करू? जाळी हायत, लांबनं जावा, अशी पाटी लावली असती तर कोण थांबलं असतं? दोन जाळी गेली माझी. धोका म्हटलं की थांबत्यात."

"पण लोकांना मी सांगत होते."

"तू सांगितलंस म्हणून तर थांबली," ते अगदी मायेनं म्हणाले. "तुझं ऐकत्यात लोकं."

ते वाक्य मला अजून गिळता आलेलं नाही. जाळ्यांसाठी लोकांना लांब ठेव, हे त्यांनी सरळ सांगितलं असतं तर मी त्या लोकांशी भांडले असते. त्यांनी भांडायला नाही, खोटं बोलायला मला पुढं केलं. आणि ते खोटं आहे हे मला सांगायचीही गरज त्यांना वाटली नाही.

त्या पिंपाचा दोर मी स्वतः कापला. पण बातमी होडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरली होती. पुढच्या रविवारी वर्गात एकानं दोन गोळ्यांच्या चित्राकडं बोट दाखवलं. "मॅडम, याच्याखाली मरळ का कटला?" खोलीभर हशा. मी ओरडून सांगितलं, बाकीच्या खुणा खऱ्या आहेत. हे मी आधीही असंच ठासून सांगत होते, हे त्यांनाही आठवत असणार.

त्याच दुपारी डॉक्टर बुडालेल्या जुन्या शाळेवरच्या दोन गोळ्यांच्या खुणेवरून सरळ गेले. यंत्रावर भरवसा होता त्यांचा, पण ते होडीखालचं दाखवतं, पुढचं नाही. शाळेची भिंत पाण्याखाली हातभर होती. होडी फाटली आणि उलटली. जाकिटं होती म्हणून सगळे वाचले. डॉक्टरांच्या बायकोचं मनगट मोडलं. सगळ्यांत आधी पोचले ते तात्या. त्यांनीच सगळ्यांना ओढून आपल्या होडीत घेतलं.

धक्क्यावर गर्दी जमली होती. तात्या ओल्या कपड्यांनी प्रत्येकाला सांगत होते, "ती खूण खरी हाय वो. ती खरी हाय." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बाईंच्या हाताला फळी बांधत होते. मान वर केली नाही.

त्यानंतर ते धक्क्यावर आले नाहीत. आता पलीकडच्या काठाला मासेमारी करतात, असं ऐकते.

हल्ली वर्ग घ्यायच्या आधी मी लांब बांबू घेऊन एकटी पाण्यावर जाते आणि एकेक खूण तपासते. परवा शाळेच्या खुणेपाशी होडी थांबवली, तर लांबवर तात्यांची होडी दिसली. ते उभे राहून माझ्याकडं बघत होते. मी बांबू खाली सोडला. तो दगडावर ठणकन आपटला. स्थिर पाण्यावर आवाज लांब जातो. त्यांनाही ऐकू गेला असणार. मी बांबू उचलून जरा पलीकडं, पुन्हा एकदा आपटून बघितला.

वर पाहिलं, तेव्हा त्यांनी होडी वळवली होती.